डावं कोपर

झुंजीतली एकही लढत न पाहता चंदना मगदूमनं झुंजीचा अख्खा पट मांडून दिला होता. खेळाच्या शेडमधली मंडळी हे नव्या माणसाला सांगायची, तेव्हा तो हसायचा. चंदनाला त्याचं वाईट वाटत नसे. व्रताचा नियम म्हटला की कुणाला तरी हसू येणारच.

'झुंज' हे लढतीच्या खेळाचं इंजिन. कुठल्या कंपनीचं नव्हे. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात उभं केलेलं, फुकट. पडद्यावर दोन गडी समोरासमोर यायचे आणि वेळ संपेपर्यंत किंवा एकजण आडवा होईपर्यंत लढायचे. गडी कोण असावेत ते इंजिन ठरवत नसे. ज्या त्या गावानं आपला पट आपण भरायचा. पट म्हणजे लढतीआधी दिसणारी चौकोनांची मांडणी, एकेका चौकोनात एकेका गड्याचं तोंड. इचलकरंजीच्या पटावर उसाचं दांडकं घेतलेला रसवंतीवाला कोळेकर होता, झांजा भिरकावणारा बँडमास्तर होता, लाटणं परजणाऱ्या खानावळीच्या अक्का होत्या. सगळी गावातली खरी माणसं.

खरी, कारण गडी आता कुणी चित्र काढून बनवत नव्हतं. माणसाचे मोबाइलवरचे साधे व्हिडिओ, लग्नातले, दुकानातले, अंगणातले, इंजिनाला दिले की ते त्यांतून त्या माणसाचा 'ठसा' उचलायचं. अंगाची ठेवण आणि चाल तर यायचीच, त्याचं कुणाला अप्रूप उरलं नव्हतं. अप्रूप होतं ते माणसाच्या थांबण्याचं. हा कधी पुढं होतो, कधी बिचकतो, डिवचल्यावर किती वेळ गप्प बसतो, कुठल्या बाजूनं सावध असतो, हे सगळं हजारो आकड्यांत बांधून ठसा तयार व्हायचा. आणि तो तसाच पडून राहायचा नाही. कुणी खेळत नसलं की पटावरचे गडी आपसांत सराव करायचे. दर लढतीला दोघांचेही आकडे किंचित हलायचे. वर्षभरानं गडी मूळ माणसासारखाच दिसायचा, पण पटावरच्या संगतीनं थोडा वेगळा झालेला असायचा.

हे वेड गावात आणलं ते चंदनाच्या धाकट्या भावानं, सन्मतीनं. आईवडील गेल्यावर घरात ही दोघंच. पट तोच सांभाळायचा, हातानं फाइल लिहून. एक स्वल्पविराम चुकला की इंजिन गप्प. मग दोन वर्षांपूर्वी तो घर सोडून ब्रह्मचारी म्हणून दिगंबर जैन मुनिसंघाबरोबर निघून गेला, आणि महिन्याभरात कुणीतरी पटात नवा गडी घालायला गेलं नि सगळं बंद पाडलं. शेडचा मालक शौकत मुजावर चंदनाच्या दारात येऊन उभा राहिला. हा जुना जॉबर. माग दुरुस्त करण्यात हयात गेली, आणि माग विकल्यावर त्याच शेडमध्ये त्यानं पडदे लावले होते.

"ताई, तुमचा भाऊ गेला मोक्षाला, आणि आमचं इंजिन गेलं त्याच्या मागं."

"मोक्षाला कुठला हो, अजून संघातच आहे," चंदना म्हणाली. "आणि मला मारामारी बघायची नाही. संघातल्या माताजींकडून नियम घेतलाय. खेळातलीसुद्धा नाही."

"बघू नका की. आकडे तर बघाल?"

आकडे ती दिवसभर बघायचीच. सूतव्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हाच तिचा धंदा. सकाळचं मंदिर, पाणी गाळणं, दिवस मावळायच्या आत जेवण, रविवारी अळणी, या सगळ्यातून उरलेल्या वेळात तिनं 'मांडणी' नावाचं साधन लिहिलं. चौकोन बोटानं सरकवायचे, नवा गडी उचलून रिकाम्या जागी ठेवायचा, फाइल साधन आपली आपण लिहील, आणि चुकीची फाइल काही केल्या जतन करू देणार नाही. बघता बघता पंचक्रोशीतल्या पटांवर तेच वापरात आलं.

पटावर ती स्वतःही होती. अंगण झाडतानाच्या जुन्या व्हिडिओवरून सन्मतीनं थट्टेनं तिचा ठसा काढला होता. 'ताई', हातात खराटा. ही ताई कुणाला मारत नसे. नुसती चुकवायची, समोरचा दमायचा, वेळ संपायची. तिला आजवर कुणी हरवलं नव्हतं म्हणे. चंदनाला हे सगळं ऐकूनच ठाऊक.

आणि पहिल्या ओळीतला पहिला चौकोन सन्मतीचा. त्यावर तिनं कधी बोट ठेवलं नाही. पण रोज मांडणी उघडली की ते तोंड समोर यायचं, केस विस्कटलेलं, आता हसणार असं. तिला तेवढं पुरत होतं.

सन्मतीच्या मुनिदीक्षेची तिथी ठरली. संघ गावाबाहेरच्या धर्मशाळेत उतरला होता. दीक्षेआधी सगळ्या नातलगांची, ओळखीपाळखीच्यांची क्षमा मागायची असते, म्हणून सन्मती पांढऱ्या वस्त्रांत घरी आला. चटईवर बसला. चंदनानं गाळलेलं पाणी दिलं.

"तायडे, एक राहिलंय."

"काय?"

"झुंजीतला मी. इकडं मी मुंगी बघून पाऊल टाकतो, आणि तिकडं माझं तोंड लावून कुणीतरी रोज कोळेकरमामाच्या बरगड्या मोडतंय."

चंदनाला हसू आलं. "मामाच्या बरगड्या धड आहेत. काल रस गाळत होता."

"तू लढत बघितलीस कधी?"

"नाही."

"मग? कपडे सोडणार, नाव सोडणार, केस हातानं उपटून टाकणार. आणि ठसा तेवढा ठेवणार? तोही परिग्रहच. साठवून ठेवलेली वस्तू." त्यानं भांडं खाली ठेवलं. "दीक्षेआधी काढ. नंतर मला काही मागता यायचं नाही. आणि तुलाही भावासाठी म्हणून काही करता यायचं नाही."

चंदना पाण्याच्या तांब्यावर झाकण ठेवत राहिली. ते बसलेलंच होतं, तरी तिनं पुन्हा बसवलं.

"काढते," ती म्हणाली. "शब्द दिला."

मांडणीत गडी लपवायची सोय होती, बदलायची होती, कायमचा काढायची नव्हती. तिनं ती लिहिली. काढण्याआधी साधन एकदा विचारायचं आणि काढून झाल्यावर एक वाक्य दाखवायचं. ते वाक्य तिनं मनापासून लिहिलं : 'काढला म्हणजे काढला.' मग सन्मतीच्या चौकोनावर पहिल्यांदाच बोट ठेवलं. चौकोन रिकामा झाला. तिनं फायली धुंडाळल्या. नाव नाही, चित्र नाही, ठसा नाही, कुठं प्रत नाही. धर्मशाळेत निरोप धाडला, झालं.

काही दिवसांनी शौकतचा फोन आला. "ताई, जरा शेडवर या. तुमचा भाऊ काही गेलेला नाही."

ती दुपारी गेली. पडद्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर मागांच्या तेलाचे डाग अजून होते. मागं बटणांचा खडखडाट सुरू झाला आणि शौकत सांगू लागला.

"कोळेकर आणि अक्का. अक्कानं लाटणं उगारलं. कोळेकर मागं सरला... आता बघा. म्हणजे ऐका. अक्का समोरनं येतीय, आणि हा डावा हात बरगडीला लावून उभा. तिथनं कोण येतंय? कुणी नाही. बसलं लाटणं टाळक्यात."

"चुकत असेल एखादा."

"सगळेच चुकतात? बँडमास्तर तेच करतो. पटावरचे माझे अब्बा तेच करतात. आणि तुमची ती खराटेवाली, ती तर घडोघडी डावा हात उचलती आणि थांबती. कुणीतरी यायचं राहिलंय असं."

भिंतीकडं बघत बसलेल्या चंदनाला कळलं की आपलाही डावा हात बरगडीशी गेला आहे.

त्यांच्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अरुंद बोळ होता. दोघं बोळात समोरासमोर आले की जाता जाता सन्मती डाव्या कोपरानं तिला हळूच ढोसायचा. शाळेत असल्यापासून. तो दिसला की तिचा हात आधीच वर. हीच त्याची लढतीतली चाल झाली होती : समोरच्याला हूल देऊन शेजारून जायचं, आणि जाता जाता कोपर.

"तुमच्या साधनात काही राहिलं का?" शौकतनं विचारलं.

"साधनात नाही. माझ्या बघण्यात राहिलं."

तिनं सगळं तपासलं होतं, लढत सोडून. आणि ही गोष्ट लढतीतच दिसणारी होती. आता भिंतीसमोर बसून तिला ती सरळ दिसली. ती शौकतला त्याच्याच भाषेत सांगू लागली. "कापडातून आडवा धागा ओढून काढला, तर काय होतं?"

"रेघ पडती."

"आणि उभे धागे?"

"ते वाकलेलेच राहतात. त्या धाग्याला वाट देऊन देऊन वाकलेले असतात ना."

"तसंच. सन्मतीचे आकडे गेले. पण बाकीच्यांचे आकडे इतकी वर्षं त्याच्याशी सराव करून त्याच्याभोवती वाकलेत."

शौकतनं खेळ बंद केला. मग म्हणाला, "मग गेला कुठं तो?"

सन्मती धर्मशाळेच्या ओसरीवर धान्य निवडत होता. चंदना समोर बसली, तिनंही पसाभर पुढ्यात ओढलं.

"शब्द खोटा पडला रे माझा." तिनं सगळं सांगितलं.

तो हसला. संघात गेल्यापासून तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "डोळ्यांचा नियम घेऊन डोळ्यांचं काम केलंस होय!"

"हसू नको. दीक्षा तोंडावर आलीय."

"हसू नको तर काय करू? केलेलं कर्म आपल्याला चिकटतं, एवढं शिकलो होतो. ते दुसऱ्यालाही चिकटतं, हे तुझ्या इंजिनानं शिकवलं." मग तो गंभीर झाला. "निघणारच नाही का ते?"

"निघेल. सरावाची प्रत्येक लढत इंजिनात नोंदलेली असते. एकेका गड्याचा सगळा सराव पहिल्यापासून पुन्हा करून घ्यायचा, तुझ्याशिवाय. तू पटावर आलाच नसतास तर हा गडी कसा झाला असता, ते यंत्र नव्यानं मोजेल. पण गडी ज्याचा, त्याला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"विचारू की. नाहीतरी क्षमा मागत दारोदार हिंडतोच आहे."

तिनं मांडणीत बटण दिलं, ज्याचा ठसा त्याच्याच मोबाइलवर. आणि दोघं फिरले. दारात उभं राहून सन्मती हात जोडायचा, कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागायचा, आणि मग कोपराची गोष्ट काढायचा. कोळेकरनं रसाचा हात पुसत बटण दाबलं. "ने बाबा तुझं कोपर. खेळात का होईना, बेजार झालो होतो." अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनीही दाबलं. वर, "संघात जेवायला काय घालतात रे? वाळलास," हेही विचारून घेतलं. बँडमास्तरनं आधी दीक्षेच्या मिरवणुकीचं पक्कं करून घेतलं.

शौकतनं मात्र मोबाइल खिशातच ठेवला.

"सन्म्या, तुला क्षमा शंभरदा आहे. बटण दाबणार नाही."

"शौकतभाई..."

"ऐक. अब्बांचा ठसा तूच काढून दिलास, ते असताना. गुडघे धरून बसायचे, आठवतं? ते गेल्यावर पटावर त्यांच्याशी रोज कोण खेळलं? तुझाच गडी. तुझं कोपर चुकवता चुकवता अब्बा उडी मारायला शिकले. कोंबड्यागत उडतात! मी येतो, चहा घेतो, ती उडी बघतो. ती उडी त्यांची आहे, तुझी नाही. दीक्षा तू घे ना. माझ्या अब्बाला कशाला घ्यायला लावतोस?"

सन्मतीनं पुन्हा हात जोडले. या वेळी जरा खाली वाकून.

परतताना रस्त्यात तो म्हणाला, "बरोबर बोलला. त्यांच्यात गेलं ते माझं राहिलं नाही. जे माझं नाही, ते मी सोडणार तरी कसं?" थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "आता तू राहिलीस, तायडे."

"माझं असू दे. शौकतभाईंचं चाललं, मग माझंही चालेल. ती ताई माझी आहे."

"असू दे म्हण. पण खरं असेल तर म्हण. ते अब्बांची उडी ठेवतात, अब्बांसाठी. तू काय ठेवतीस?"

चंदना रस्त्याच्या कडेनं चालत राहिली. तिच्या ताईला ना उडी आली होती, ना काही नवं. ती फक्त हात उचलून वाट बघत होती.

दीक्षेच्या आदल्या दिवशी जेवण आटोपून तिनं मांडणी उघडली, 'ताई'वर बोट ठेवलं आणि बटण दाबलं. यंत्र मोजू लागलं. जिला भाऊ नव्हता अशी चंदना कशी झाली असती, याची ती मोजणी. दुपारभर चालली. ती जपमाळ घेऊन शेजारी बसून राहिली. मधे एकदा बोटांखालचा मणी कितवा ते विसरली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

उन्हं कलताना शौकतचा फोन आला.

"झालं, ताई. बघितलं मी. आता ती डावा हात उचलत नाही. मधोमध उभी राहती, खराटा छातीशी धरून."

"बरं."

"आणि... हरली. अक्कानं दोन लाटण्यांत संपवली. आजवर कधी हरली नव्हती."

"लागलं का तिला?"

"नाही ताई. खेळातलं आहे ते."

फोन ठेवल्यावर तिनं मांडणीतलं ते वाक्य शोधलं. 'काढला म्हणजे काढला' खोडलं आणि लिहिलं : 'काढता आलं तेवढं काढलं आहे. बाकीचं ज्याचं त्याच्याकडे.' नंतर सूर्य बघितला. अजून वेळ होता, पण तिला काही खावंसं वाटलं नाही.

मांडवात गर्दी मावत नव्हती. बँडमास्तरनं शब्द पाळला. आचार्यांनी विचारलं, घरच्यांची अनुमती आहे का? घरची म्हणजे एकटी चंदना. ती उभी राहिली. "आहे," म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक की कुणीतरी माइक पुढं धरला आणि तिला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं अवघड गेलं. मग केशलोच सुरू झाला. मुठीमुठीनं केस उपटले जात होते, मानेवर रक्ताचे बारीक ठिपके येत होते. हे न बघण्याचा नियम तिनं घेतला नव्हता. तिनं शेवटपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनी आहाराला निघाले. गल्लीतलं प्रत्येक घर शुद्ध वस्त्रं नेसून दारात उभं होतं. कुणाच्या हातात श्रीफळ, कुणाच्या हातात कलश. मुनी निघताना मनात एखादी खूण धरतात. ती जिथं दिसेल तिथं थांबायचं. नाही दिसली तर त्या दिवशी उपवास. खूण कुणाला सांगत नाहीत. चंदना कलश धरून आपल्या दारात उभी होती. आत सगळा स्वयंपाक सकाळपासून तयार होता.

ते, कालपर्यंतचा सन्मती, गल्लीच्या तोंडाशी दिसले. अंगावर काही नाही, हातात मोरपिसांची पिंछी, नजर पुढच्या चार हात जमिनीवर. नाव आता वेगळं होतं. ते तिच्या तोंडात अजून बसलं नव्हतं.

"नमोस्तु, नमोस्तु," ती म्हणू लागली. "अत्र तिष्ठ, तिष्ठ."

ते जवळ आले. गल्ली अरुंद, घरातल्या बोळापेक्षा थोडीशीच रुंद. ते तिच्या डाव्या अंगानं जाऊ लागले, आणि तिचा डावा हात कलश सोडून आपसूक वर उचलला गेला, बरगडीच्या आडोशाला. उजव्या हातातला कलश कलला. थोडं पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

ते थांबले नाहीत. नजर जमिनीवरून हलली नाही, पाऊल चुकलं नाही. ते पुढं गेले आणि शेजारच्या चौगुलेकाकूंच्या दारात उभे राहिले. तिथं काकू आणि काका दोघं मिळून एकच श्रीफळ धरून उभे होते. काकूंचा आनंद गगनात मावेना.

चंदनाचा हात तसाच वर होता. तिनं तो हळूच खाली घेतला.

"चंदना," आतून काकूंची दबक्या आवाजात हाक आली, "ये गं लवकर. माझे हात थरथरतात. पाणी तू घाल."

तिनं पाय धुतले, हात धुतले, मन, वचन, काया शुद्ध असल्याचं म्हणाली आणि आत गेली. त्यांनी उभ्यानंच ओंजळ पुढं केली होती. जवळ जायचं होतं, डाव्या अंगानंच. काकूंची ती जुनी पितळी झारी काठोकाठ भरलेली, जड. उचलायला तिला दोन्ही हात लागले. धार न तुटता ओंजळीत पडत राहिली.